शय्येचे काठिण्य : थरांच्या लेटेक्स गादीच्या निमित्ताने एक विचार

आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीर धारण करणारे तीन उपस्तंभ चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात सांगितले आहेत. आहाराविषयी आपण रुग्णाला अर्धा तास सूचना देतो. निद्रेविषयी 'झोप लागते का?' एवढा एकच प्रश्न विचारतो, आणि ज्या शय्येवर रुग्ण दिवसाचे सात-आठ तास काढतो तिच्याविषयी बहुधा काहीच विचारीत नाही. कटिशूलाचा रुग्ण समोर आला की मात्र एक वाक्य आपल्या मुखातून आपोआप बाहेर पडते, 'गादी सोडा, फळीवर किंवा जमिनीवर झोपा.' हे वाक्य आम्हीही अनेक वर्षे असंख्य रुग्णांना ऐकवले. त्याचा पुनर्विचार करण्याची वेळ आमच्यावर एका वृद्ध रुग्णेने आणली. अलीकडे घरोघरी येऊ लागलेल्या थरांच्या लेटेक्स गादीने तो विचार पुढे नेला. तोच येथे वैद्यबंधुभगिनी आणि औषधालयचालक यांच्यापुढे ठेवीत आहोत.

आमची चूक

अडुसष्ट वर्षांच्या, कृश, वातप्रधान प्रकृतीच्या एक आजी कंबरदुखीसाठी आमच्याकडे आल्या. अस्थिक्षयाची लक्षणे स्पष्ट होती. स्नेहन, स्वेदन, बस्ती अशी योजना केली आणि जोडीला नेहमीचा सल्ला दिला. आजी आज्ञाधारक होत्या. त्यांनी कापसाची गादी गुंडाळून माळ्यावर टाकली आणि शहाबादी फरशीवर एक चटई घालून त्या झोपू लागल्या. दीड महिन्याने कंबरेचे दुखणे थोडे उतरले होते, परंतु दोन्ही कुशींवर, खुब्याच्या हाडाशी त्वचा लाल झाली होती, खांदे आखडले होते आणि झोप तीन तासांवर आली होती. 'वैद्यराज, औषध लागू पडतंय, पण रात्र वैरीण झालीय,' असे त्या म्हणाल्या.

शीत, रूक्ष, खर आणि कठीण असे चारही गुण असलेल्या फरशीवर आम्ही एका वातरुग्णेला झोपवले होते. दिवसा स्निग्ध-उष्ण उपचारांनी वात शमवायचा आणि रात्री त्याच्याच गुणांच्या भूमीवर रुग्णाला टाकायचे, असा हा प्रकार होता. फळीवर दोन जाड गोधड्या आणि वर एक मऊ वाकळ अशी व्यवस्था करताच आठ दिवसांत त्यांची झोप सुधारली.

ग्रंथ काय सांगतात?

'फळीवर झोपा' या सल्ल्याचे मूळ शोधू गेल्यास सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील तिसऱ्या, म्हणजे भग्नचिकित्सेच्या अध्यायातील कपाटशयन आठवते. मांडी, पोटरी, श्रोणी, पृष्ठवंश इत्यादींच्या भग्नात रुग्णाला फळीवर निजवून, खुंट्यांच्या साहाय्याने अवयव निश्चल ठेवण्याची ही योजना आहे. भग्न अस्थी हलू नये हा तिचा हेतू आहे. ती सर्व कटिशूलांची शय्या नव्हे.

याच्या लगेच पुढच्या, चौथ्या अध्यायात वातव्याधींचे सामान्य उपचार सांगताना सुश्रुताचार्य निवात गृह, उबदार प्रावरणे यांच्यासमवेत मृदु शय्येचा स्पष्ट उल्लेख करतात. चोविसाव्या अध्यायात सुखकर शय्या ही श्रम आणि वात हरण करणारी, पुष्टी, निद्रा व धृती देणारी असून दुःखकर शय्येचे गुण याच्या विपरीत असतात, असे सांगितले आहे. चरकाचार्यांनीही सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात निद्रानाशाच्या उपायांत उत्तम अंथरलेल्या शय्येची गणना केली आहे.

याचा अर्थ जितकी मऊ तितकी चांगली, असाही नव्हे. प्रमेहाच्या हेतूंमध्ये आस्यासुख आणि स्वप्नसुख यांना चरकाचार्यांनी अग्रस्थान दिले आहे, हे आपण जाणतो. भग्नात कपाट, वातव्याधीत मृदु शय्या आणि कफ-मेदाच्या रुग्णात सुखाला मर्यादा, असा हा विचार अवस्थेनुसार बदलणारा आहे. आपण मात्र त्याचे एकच सूत्र करून ठेवले.

आधुनिक वैद्यकातही हाच अनुभव आलेला दिसतो. लॅन्सेट या नियतकालिकात २००३ साली स्पेनमधील कोवाक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. निश्चित कारण न सापडलेल्या जुनाट कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांना ९० दिवस दोनपैकी एका प्रकारच्या गादीवर झोपवण्यात आले. १ म्हणजे अत्यंत कठीण आणि १० म्हणजे अत्यंत मऊ अशा युरोपीय मोजपट्टीवर एक गादी २.३, म्हणजे कठीण, व दुसरी ५.६, म्हणजे मध्यम होती. मध्यम गादीवरील रुग्णांची वेदना आणि दैनंदिन कामातील अडचण अधिक कमी झाली. या अभ्यासात काठिण्याची तुलना होती, गादीच्या द्रव्याची नव्हती. त्यामुळे लेटेक्सच्या जाहिरातीसाठी कोणी तो पुढे केल्यास तो गैरवापर समजावा.

मृदु आणि स्थिर : दोन वेगळ्या गोष्टी

गुर्वादी वीस गुणांत मृदु-कठिन ही एक जोडी आहे आणि स्थिर-सर ही दुसरी. गादीच्या दुकानात मात्र या दोहोंची सरमिसळ होते. त्वचेला, खांद्याला, खुब्याला जे जाणवते ते मृदुत्व. कंबर खाली न जाता पाठीचा कणा आपल्या स्वाभाविक वळणात धरून ठेवणे म्हणजे स्थिरत्व. फळी स्थिर आहे, पण मृदु नाही. जुनी, मध्ये खड्डा पडलेली कापसाची गादी मृदु असेल, पण स्थिर नाही. रुग्णाला बहुतेक वेळा हवे असते ते वर मृदु आणि खाली स्थिर.

आपल्या आजीला हे ठाऊक होते. बाजेवर किंवा घडवंचीवर आधी सतरंजी, तिच्यावर जाड गोधडी, सर्वांत वर मऊ वाकळ, आणि ज्याच्या त्याच्या अंगमानाप्रमाणे थर कमी-अधिक, ही रचना आपल्याकडे पूर्वापार होती. थरांची लेटेक्स गादी हे याच कल्पनेचे नवे रूप आहे. चेनच्या खोळीत साधारणपणे तीन-तीन इंचांचे दोन किंवा तीन सुटे थर असतात. थरांचे काठिण्य वेगवेगळे असते आणि खोळ उघडून त्यांचा क्रम बदलता येतो. दुहेरी गादीत थर मधोमध विभागलेले असतील, तर पती-पत्नींच्या बाजू स्वतंत्रपणे जुळवता येतात. चूक झाली तर पूर्ण गादी न टाकता दुरुस्त करता येते, हा या रचनेचा खरा लाभ होय.

द्रव्यपरिचय

लेटेक्स हा रबराच्या झाडाचा, हेविया ब्राझिलिएन्सिसचा, चीक. आपल्या देशात त्याचे उत्पादन मुख्यतः केरळात होते, त्रिपुरातही मोठ्या प्रमाणावर होते, आणि आपल्या सिंधुदुर्गातही रबराच्या बागा उभ्या राहिल्या आहेत. हा चीक घुसळून फेसाळ करणे, साच्यात ओतणे आणि वाफेच्या उष्णतेने गंधकाच्या साहाय्याने पक्का करणे ही डनलॉप पद्धत १९२९ च्या सुमारास इंग्लंडमध्ये विकसित झाली. दुसऱ्या, तालाले पद्धतीत साचा अर्धवट भरून निर्वाताने फेस फुगवतात, तो गोठवतात, त्यातून कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि मग उष्णता देतात. पहिल्या पद्धतीचा थर अधिक भरीव आणि खालच्या बाजूस किंचित अधिक घट्ट असतो. दुसऱ्या पद्धतीचा अधिक एकसारखा आणि लवचिक असतो.

आपल्या घरांत कोणत्याही फोमच्या गादीला 'डनलॉपची गादी' म्हणण्याची रीत आहे. त्यांतील कित्येक गाद्या पॉलियुरेथेनच्या, म्हणजे खनिज तेलापासून केलेल्या फोमच्या असतात. काही गाद्यांत काथ्याच्या किंवा साध्या फोमच्या जाड थरावर इंचभर लेटेक्स असते आणि नाव मात्र 'लेटेक्स गादी' असे असते. नैसर्गिक चिकात कृत्रिम रबर मिसळण्याचीही पद्धत आहे. म्हणून प्रत्येक थराची जाडी, घनता आणि नैसर्गिक भाग किती, हे बिलावर लिहून घेण्यास रुग्णाला सांगावे.

एक सोपी परीक्षा वजनाची. संपूर्ण लेटेक्सच्या गादीची घनता सामान्यतः घनमीटरला ६५ ते ९५ किलो असते. ७२ इंच लांब, ३६ इंच रुंद आणि ६ इंच जाड गादीचे घनफळ सुमारे पाव घनमीटर भरते. ८० किलो घनतेला तिचे वजन साधारण २० किलो व्हायला हवे. ती एका हाताने सहज उचलली जात असेल, तर आत काय आहे याची विचारणा करावी.

घनता म्हणजे काठिण्य नव्हे, हेही ध्यानात असावे. काठिण्यासाठी आय. एल. डी. हे माप वापरतात. चार इंच जाडीच्या तुकड्यावर ५० चौरस इंचांची गोल तबकडी ठेवून त्याची जाडी एक चतुर्थांशाने दाबण्यास जितके पौंड बळ लागते, तो हा आकडा. २८ आय. एल. डी. म्हणजे सुमारे पावणेतेरा किलो भार. साधारणतः विशीच्या आतबाहेरचा आकडा मऊ, पंचवीस ते तीस मध्यम आणि पस्तिशीच्या आसपास व पुढे कठीण असे मानतात. मात्र उत्पादकांच्या पद्धती भिन्न असल्याने एका कंपनीचे 'मध्यम' दुसरीच्या 'मध्यम'शी जुळेलच असे नाही. 'ऑर्थोपेडिक' या शब्दाने तर कोणतेच माप कळत नाही.

योग्य काठिण्य कसे ठरवावे?

प्रकृती पाहून गादीचा आकडा सांगण्याचा मोह आम्ही टाळतो. प्रकृतीचा विचार हवाच, परंतु काठिण्य ठरविताना शरीरभार, झोपण्याची स्थिती आणि व्याधी या तीन गोष्टी अधिक निर्णायक ठरतात, असा आमचा अनुभव आहे.

कुशीवर झोपणाऱ्याचा भार खांदा आणि खुबा या दोन लहान जागांवर येतो. हे दोन्ही भाग थोडे आत रुतल्याशिवाय कणा सरळ राहत नाही. त्याला वरचा थर मऊ आणि मधला मध्यम असावा. उताण्या झोपणाऱ्याचा भार पसरतो. त्याला वर मध्यम किंवा किंचित मऊ थर पुरतो, मात्र नितंब रुतून कंबर वाकता कामा नये. पालथ्या झोपणाऱ्यास अधिक कठीण पृष्ठभाग लागतो, अन्यथा पोट खाली जाऊन कंबरेची कमान वाढते. स्थूल व्यक्तीस तोच थर अधिक दाबला जात असल्याने मऊ वाटतो आणि कृश व्यक्तीस कठीण वाटतो. म्हणून दुकानदाराला किंवा शेजाऱ्याला जी गादी 'मध्यम' वाटते, ती आपल्या रुग्णाला तशी वाटेलच असे नाही.

खरेदीपूर्वी एक बिनखर्चाची परीक्षा आम्ही रुग्णांना सांगतो. फळीच्या पलंगावर आधी दोन गोधड्या, चार-पाच रात्रींनी तीन, मग चार, असे थर वाढवीत कोणत्या संख्येला सकाळचे आखडणे सर्वांत कमी होते, ते वहीत लिहावे. आकडा नव्हे, पण दिशा निश्चित कळते. कित्येकांना नवी गादी घेण्याची गरजच उरत नाही.

दुकानात दोन मिनिटे बसून गादी कळत नाही. आपल्या नेहमीच्या स्थितीत, नेहमीच्या उशीसह पंधरा-वीस मिनिटे पडून राहावे. उताणे असताना कंबरेखाली हात सरकवून पाहावा. मोकळी पोकळी राहत असेल तर पृष्ठभाग कठीण आहे. हात घालताच येत नसेल आणि नितंब खोल गेले असतील तर तो मऊ आहे. कुशीवर असताना सोबतच्या व्यक्तीने मागून मणक्यांची रेषा पाहावी. ती मानेपासून माकडहाडापर्यंत साधारण सरळ हवी.

घरी आणल्यावर एका वेळी एकच बदल करावा आणि त्याला दोन ते तीन आठवडे द्यावेत. खांदा किंवा हात बधिर होत असेल तर वरचा थर मऊ करावा. कंबर सकाळी जड होऊन आखडत असेल आणि नितंब रुतत असतील तर मधला थर कठीण करावा. मऊ थराच्या खाली कठीण थर आला की वरचे मृदुत्व राहते आणि खोलवरचे रुतणे थांबते. हीच थरांच्या गादीची किल्ली होय.

एक उदाहरण

चोपन्न वर्षांचे, ९६ किलो वजनाचे एक किराणा व्यापारी. तीन थरांची गादी घेतल्यापासून सकाळी कटिग्रह, अर्धा तास हिंडल्यावर मोकळे वाटणे. झोप उताणी. आम्ही घरी जाऊन खोळ उघडली. वर मऊ, मध्ये मध्यम, खाली कठीण असा क्रम होता. तो बदलून वर मध्यम, मध्ये कठीण, खाली मऊ असा केला. पहिला आठवडा त्यांना 'पाट्यावर झोपल्यासारखे' वाटले. तिसऱ्या आठवड्यात आखडणे कमी झाले, पण तळाच्या मऊ थरामुळे मध्यभाग अजून खाली जात होता. विक्रेत्याने तो थर बदलून दुसरा कठीण थर दिला आणि मग तक्रार उरली नाही. या काळात त्यांची बस्तिचिकित्सा आणि आहारनियमन चालू होते, म्हणून सर्व श्रेय गादीला देणे योग्य होणार नाही. परंतु पूर्वी हीच चिकित्सा देऊनही त्यांना सकाळचा त्रास राहत होता, हे नमूद केले पाहिजे.

सावधगिरी

रात्री विश्रांतीनेही न थांबणारी वेदना, ज्वर, अकारण कार्श्य, पायातील बल कमी होणे, मल-मूत्रावरील ताबा जाणे, जननेंद्रियांभोवती बधिरता, यांपैकी काही असल्यास गादीची चर्चा न करता रुग्णास तत्काळ पुढील तपासणीसाठी पाठवावे. तरुण रुग्णात सकाळचे आखडणे अर्ध्या तासाहून अधिक टिकून हालचालीने कमी होत असेल, तर कण्याच्या संधिशोथाचा विचार करावा. वरील व्यापाऱ्याच्या बाबतीतही प्रथम तो विचार करूनच आम्ही गादीकडे वळलो.

रबरी हातमोजे किंवा फुगे यांनी खाज, शिंका, पित्त उठणे असा इतिहास असल्यास लेटेक्स टाळावे. अशा काही रुग्णांना केळी, किवी यांसारख्या फळांचेही वावडे असते, म्हणून तेही विचारावे. तान्ह्या बाळास कोणत्याही मऊ गादीवर निजवू नये. त्याला सपाट, घट्ट पृष्ठभागच सुरक्षित असतो. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णात उत्तम गादीदेखील कूस बदलण्याला आणि त्वचेच्या रोजच्या पाहणीला पर्याय होत नाही.

आपल्या रुग्णांसाठी दोन सूचना विशेष महत्त्वाच्या आहेत. पहिली तेलाची. नैसर्गिक रबर तेलाने फुगते आणि कमकुवत होते. अभ्यंग किंवा कटिबस्तीनंतर तेलकट अंगाने रुग्ण थेट गादीवर झोपला तर तेल आत मुरते. म्हणून तेल पुसून, स्वेदन-स्नानानंतर झोपावे आणि गादीवर तेल न झिरपणारे आवरण घालून वर धुता येईल अशी सुती चादर ठेवावी. दुसरी उन्हाची. दिवाळीपूर्वी गाद्यांना ऊन दाखवण्याची आपली पद्धत कापसाला हितकर आहे, लेटेक्सला घातक. उन्हाने ते पिवळे पडून भुगा होऊ लागते. त्याला सावलीत वारा द्यावा. कोकणासारख्या दमट प्रदेशात तळाशी बंद प्लायवूडऐवजी भोके पाडलेली फळी किंवा पट्ट्यांचा पलंग असावा, आणि पट्ट्यांतील अंतर तीन इंचांहून अधिक नसावे.

व्यवसायधर्म

शेवटचा मुद्दा थोडा अप्रिय आहे. गादीविक्रेते आता चिकित्सालये आणि औषधालये यांच्या दारी येऊ लागले आहेत. 'आपल्या शिफारशीवर इतके टक्के' अशी बोली असते. आमच्या प्रतीक्षाकक्षातही असा एक फलक काही महिने लागला होता. एका रुग्णाने सहज विचारले, 'वैद्यराज, ही गादी तुम्ही स्वतः वापरता का?' आमच्यापाशी उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी फलक उतरवला.

औषधालयचालकांनी गादी विक्रीस ठेवू नये असे आमचे म्हणणे नाही. ती ठेवावी, पण तिच्यासोबत थर बदलून देण्याची लेखी हमी ठेवावी, ग्राहकाला पंधरा मिनिटे निवांत पडून पाहू द्यावे, आणि तेल-उन्हाची सूचना छापील स्वरूपात द्यावी. वैद्यांनी विशिष्ट छाप न सांगता रुग्णाच्या चिठ्ठीवर 'कुशीवर झोपणारा, कृश, वर मऊ, मध्ये मध्यम, खाली कठीण' असे गुण लिहावेत. आपण द्रव्यांचे गुण पाहून योजना करणारे लोक आहोत. शय्येच्या बाबतीतही तेच करावे.

आजी आता हयात नाहीत. शेवटपर्यंत त्यांची फळी, दोन गोधड्या आणि वाकळ कायम होती, लेटेक्सची त्यांना गरज पडली नाही. परंतु कटिशूलाचा नवा रुग्ण आला की आम्ही आता 'फळीवर झोपा' म्हणण्यापूर्वी विचारतो, 'सध्या कशावर झोपता, आणि कोणत्या कुशीवर?' वाचकांनीही हे दोन प्रश्न आपल्या रुग्णपत्रिकेत समाविष्ट करावेत, आणि आलेले अनुभव, अपयशासहित, या अंकांतून मांडावेत, ही विनंती.